विश्लेषण : २००६ मध्ये बुजवलेली त्रुटी पुन्हा कशी उघडली? सर्व्हरना धोक्यात आणणारा ‘सिग्नल’ काय आहे?

जगभरातील सर्व्हरचे कुलूप मानल्या जाणाऱ्या ‘ओपनएसएसएच’ या प्रणालीत अतिगंभीर त्रुटी असल्याचे ‘क्वालिस’ या सायबर सुरक्षा कंपनीने १ जुलै २०२४ रोजी जाहीर केले. पासवर्ड माहीत नसताना, समोरच्या कुणीही कसलीही लिंक उघडलेली नसताना, दूरवर बसलेल्या हल्लेखोराला लिनक्स सर्व्हरचा संपूर्ण ताबा मिळवता येऊ शकतो, असे तिचे स्वरूप आहे. विशेष म्हणजे ही त्रुटी नवी नाही. ती २००६ मध्ये सापडली होती आणि तेव्हाच दुरुस्तही झाली होती. मग ती परत कशी आली? याचे उत्तर शोधताना ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे ‘कर्नल’, चालू प्रोग्रॅमला ‘सिग्नल’ कसा पोहोचवतो, हे समजून घ्यावे लागते.

नेमके काय घडले?

बँक, विद्यापीठ, सरकारी कार्यालय किंवा वृत्तपत्र, यांची संकेतस्थळे ज्या सर्व्हरवर चालतात ते बहुतेकदा दूर कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये असतात. तंत्रज्ञ तिथे जात नाहीत. ते आपल्या संगणकावरून ‘एसएसएच’ या सुरक्षित मार्गाने सर्व्हरमध्ये शिरतात. या मार्गावर सर्व्हरच्या बाजूने दार सांभाळणारा प्रोग्रॅम म्हणजे ‘एसएसएचडी’. ‘ओपनबीएसडी’ प्रकल्पाच्या चमूने १९९९ पासून विकसित केलेल्या ओपनएसएसएचचा तो भाग आहे.

क्वालिसला सापडलेल्या त्रुटीला ‘सीव्हीई-२०२४-६३८७’ हा क्रमांक मिळाला आणि तिचे ‘रिग्रेशन’ असे नामकरण झाले. इंग्रजीत या शब्दाच्या मधोमध एसएसएच ही अक्षरे बसवून केलेला हा श्लेष आहे. सॉफ्टवेअरच्या परिभाषेत, बरी झालेली चूक पुन्हा उद्भवणे म्हणजे रिग्रेशन. ओपनएसएसएचच्या ८.५पी१ ते ९.७पी१ या आवृत्त्या तिच्या कक्षेत येतात. इंटरनेटवर थेट उघडे असलेले एक कोटी ४० लाखांहून अधिक सर्व्हर संभाव्य धोक्यात असल्याचा अंदाज क्वालिसने शोधयंत्रांच्या आधारे मांडला. तिच्या स्वतःच्या ग्राहकांपैकी सुमारे सात लाख सर्व्हर प्रत्यक्ष धोक्यात आढळले.

सिग्नल म्हणजे काय?

लिनक्सवर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला ‘प्रोसेस’ म्हणतात. ती आपल्या कामात गर्क असताना बाहेरून तिला एखादी तातडीची वर्दी द्यायची असते. काम थांबव, वेळ संपली, चुकीच्या मेमरीला हात लावलास, अशी ही वर्दी असते. त्यासाठी सत्तरच्या दशकातील युनिक्सपासून चालत आलेली सोय म्हणजे सिग्नल. त्यात मजकूर फारसा नसतो, मुख्यतः एक क्रमांक असतो. १५ म्हणजे ‘आवरते घे’, ९ म्हणजे ‘ताबडतोब संप’, ११ म्हणजे मेमरीचा अवैध वापर आणि १४ म्हणजे ‘लावलेला गजर वाजला’.

हे सारे मोबाइलपासून दूर नाही. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सचेच कर्नल आहे. फोनची मेमरी अपुरी पडली की मागे पडून असलेले ॲप गुपचूप बंद होते, तेव्हा त्याला ९ क्रमांकाचा सिग्नल गेलेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन एखादे ॲप सक्तीने बंद केले, तरी तेच घडते. हा सिग्नल कोणत्याही प्रोसेसला अडवता येत नाही, त्याकडे दुर्लक्षही करता येत नाही. बाकीच्या बहुतेक सिग्नलबाबत मात्र ‘हा आला तर माझे अमुक काम चालव’ असे प्रोसेस कर्नलला आधीच सांगून ठेवू शकते. अशा नेमून ठेवलेल्या कामाला ‘सिग्नल हँडलर’ म्हणतात. रिग्रेशनची सारी कहाणी अशाच एका हँडलरभोवती फिरते.

कर्नल सिग्नल कसा पोहोचवतो?

सिग्नल ‘पाठवला’ म्हणजे तो ‘पोहोचला’ असे नव्हे. मधे दोन स्वतंत्र टप्पे असतात.

पहिला टप्पा नोंदीचा. प्रत्येक प्रोसेसची एक नोंदवही कर्नलकडे असते. त्यात ‘प्रलंबित सिग्नल’ असा रकाना असतो. सिग्नल निघाला की कर्नल त्या क्रमांकापुढे खूण करते आणि ‘या प्रोसेसकडे काही तरी आले आहे’ असा झेंडा वर करते. प्रोसेस झोपलेली असेल, तर तिला सहसा जागे केले जाते. प्रोसेसरच्या दुसऱ्या गाभ्यावर ती चालू असेल, तर त्या गाभ्याला डिवचले जाते. नेहमीच्या सिग्नलसाठी क्रमांकापुढे एकच खूण असते. त्यामुळे पहिला पोहोचण्याआधी तोच सिग्नल पुन्हा आला, तर दोन्ही मिळून एकच मोजला जातो.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष पोहोचवण्याचा. प्रोसेस कधी फाइल वाचण्यासाठी, कधी नेटवर्कवरचा मजकूर घेण्यासाठी स्वतःहून कर्नलकडे जाते. कधी घड्याळाच्या किंवा एखाद्या उपकरणाच्या व्यत्ययामुळे प्रोसेसरचा ताबा कर्नलकडे जातो. तिथून प्रोसेसच्या कामाकडे परतताना, अगदी उंबरठ्यावर, कर्नल तो झेंडा तपासते. सिग्नल प्रोसेसने तात्पुरता रोखून धरलेला असेल, तर तो तसाच प्रलंबित राहतो. नसेल, तर तीनपैकी एक गोष्ट होते. सिग्नल सोडून दिला जातो, ठरलेली मूळ कारवाई होते (बहुतेकदा प्रोसेसचा शेवट) किंवा हँडलर चालवला जातो.

हँडलर चालवण्याची रीत मोठी चतुर आहे. प्रोसेस ज्या सूचनेवर थांबली होती तिथली सगळी स्थिती कर्नल त्या प्रोसेसच्याच मेमरीत बांधून ठेवते आणि ‘पुढची सूचना’ म्हणून हँडलरचा पत्ता लावून देते. प्रोसेस परतते ती थेट हँडलरमध्ये. हँडलर संपला की ‘सिगरिटर्न’ ही खास हाक कर्नलला जाते. कर्नल गाठोडे सोडून जुनी स्थिती पूर्ववत करते आणि अर्धवट सुटलेले काम जिथल्या तिथे पुन्हा सुरू होते. त्या मूळ कामाला मधे काही घडल्याचा पत्ताही नसतो.

याच रचनेमुळे लिनक्स वापरणाऱ्यांना पडणारे एक जुने कोडेही सुटते. काही वेळा ९ क्रमांकाचा सिग्नल देऊनही प्रोसेस मरत नाही. बिघडलेल्या डिस्कच्या किंवा तुटलेल्या नेटवर्क फाइलच्या प्रतीक्षेत ती कर्नलच्या आतच, उठवता न येणाऱ्या झोपेत अडकलेली असते. सिग्नलची नोंद झालेली असते, पण त्या झोपेतून ती बाहेरच येत नसल्यामुळे सिग्नलची अंमलबजावणी रखडते.

हा प्रवास पाहता येतो का?

येतो. लिनक्समधील ‘एसट्रेस’ हे साधन प्रोसेसने कर्नलला घातलेली प्रत्येक हाक एकेका ओळीत छापते. सिग्नल आला की दोन्ही बाजूंना आडव्या रेघा असलेली वेगळी ओळ उमटते आणि हँडलर संपल्यावर सिगरिटर्नची ओळ दिसते. हे शक्य होते कारण एखाद्या प्रोसेसवर दुसरी प्रोसेस लक्ष ठेवून असेल, तर सिग्नल देण्याआधी कर्नल पहिलीला थांबवते आणि दुसरीला कळवते.

त्याहून खोलात जायचे तर कर्नलमध्येच दोन टेहळणीच्या जागा ठेवलेल्या आहेत. सिग्नल निर्माण झाला तेव्हा एक नोंद होते आणि पोहोचला तेव्हा दुसरी. दोन्हींच्या वेळा ताडून पाहिल्या की सिग्नल किती काळ ताटकळला हे कळते. कोणती प्रोसेस कोणते सिग्नल रोखते, कोणते सोडून देते आणि कोणत्यांसाठी तिने हँडलर लावला आहे, याची यादीही कर्नल प्रत्येक प्रोसेसच्या माहितीत उघड ठेवते.

पण या साधनांना एक मर्यादा आहे. सिग्नल कधी आला, हे ती सांगतात. तो आला त्या क्षणी प्रोसेसच्या हातातले काम कितपत अर्धवट होते, हे त्या ओळींतून उमगत नाही. शिवाय टेहळणीमुळे प्रोसेस मंदावते आणि वेळेचे गणितच बदलते. काही मायक्रोसेकंदांच्या योगायोगावर उभी असलेली चूक अशा वेळी हमखास हुलकावणी देते.

मग धोका कुठे असतो?

एखादा कारकून जमाखर्चाची नोंद करत आहे अशी कल्पना करता येईल. रक्कम एका खात्यावर जमा लिहून झाली आहे, दुसऱ्या खात्यावर नावे लिहायची बाकी आहे. तेवढ्यात घंटा वाजते आणि नियमाप्रमाणे त्याला हातातले काम तिथेच टाकून घंटेचे काम करावे लागते. घंटेचे काम दिवा मालवण्याचे असेल, तर काही बिघडत नाही. पण त्या कामासाठी त्याच वहीत नवी नोंद करायची असेल तर? अर्धवट नोंद खरी धरून पुढचा हिशेब मांडला जातो आणि वही बिघडते.

प्रोग्रॅममध्ये ही वही म्हणजे मेमरीचे वाटप. कोणता तुकडा रिकामा, कोणता वापरात, कोणाची लांबी किती, याची मांडामांड चालू असताना सिग्नल येऊ शकतो. अशा वेळी हँडलरनेही मेमरी मागितली, तर त्याला अर्धवट नोंदींवरच काम करावे लागते. म्हणून हँडलरमध्ये काय करावे याचे नियम जुने आणि कडक आहेत. कोणती कामे सिग्नलच्या वेळी सुरक्षित, याची यादीच युनिक्सच्या प्रमाण नियमावलीत, म्हणजे ‘पॉझिक्स’मध्ये, दिलेली आहे. लॉगमध्ये नोंद लिहिण्याचे ‘सिसलॉग’ हे नेहमीचे फंक्शन तिच्यात नाही. हँडलरमधील अशा निष्काळजीपणाचा हल्ल्यासाठी कसा वापर होऊ शकतो, हे पोलिश सुरक्षा संशोधक मिखाल झालेव्स्की यांनी २००१ मध्येच एका निबंधात मांडले होते.

हल्ला कसा होऊ शकतो?

कुणी सर्व्हरशी जोडणी केली की एसएसएचडी ओळख पटवण्यासाठी मुदत देतो. ही मुदत सहसा १२० सेकंदांची असते. तोवर लॉगिन झाले नाही, तर १४ क्रमांकाचा सिग्नल येतो आणि हँडलर जोडणी तोडतो. सदोष आवृत्त्यांत हा हँडलर तोडण्यापूर्वी लॉगमध्ये नोंद करतो. त्यासाठी सिसलॉग हाक मारली जाते आणि लिनक्सवरील प्रचलित ‘जीलिबसी’ लायब्ररीत सिसलॉग पुढे मेमरी मागू शकतो.

हल्लेखोर याचाच फायदा घेतो. तो लॉगिन करतच नाही. सर्व्हरला मेमरीची मांडामांड करायला लावणारा मजकूर तो पाठवतो, पण शेवटचा बाइट राखून ठेवतो. १२० सेकंद संपता संपता तो बाइट सोडायचा, म्हणजे मांडामांड नेमकी चालू असताना गजर वाजेल. नेम साधला, तर बिघडलेल्या वहीतून हल्लेखोराच्या सूचना चालवता येतात. त्याही सर्वोच्च अधिकारांनिशी, कारण सर्व्हरचा हा भाग ‘रूट’ म्हणून चालतो.

नेम साधणे सोपे नाही. क्वालिसच्या प्रयोगात सरासरी १० हजार प्रयत्न लागले. दर १२० सेकंदांत १०० जोडण्या मिळाल्या, तर हे तीन ते चार तासांचे काम. जीलिबसी मेमरीत कुठे आहे, याचा अंदाजही बरोबर यावा लागतो. तो निम्म्या वेळा चुकतो असे धरले, तर एकूण सहा ते आठ तास. हे आकडे ३२ बिटच्या प्रणालींचे आहेत. आजचे बहुतेक सर्व्हर ६४ बिटचे आहेत. तिथे अंदाज बांधणे फार कठीण असते. तिथेही हल्ला शक्य असल्याचे क्वालिसचे मत आहे, मात्र तिने प्रात्यक्षिक ३२ बिटवरच दाखवले. म्हणून घबराटीचे कारण नसले, तरी दुर्लक्षही परवडणारे नाही.

या साऱ्यात कर्नलची चूक कुठेच नाही. त्याने सिग्नल नियमाप्रमाणेच पोहोचवला. चूक सिग्नल स्वीकारणाऱ्याची आहे.

दुरुस्त झालेली चूक परत कशी आली?

२००६ मध्ये मार्क डाउड या संशोधकाने हीच त्रुटी निदर्शनास आणली होती. तेव्हा केलेला उपाय साधा होता. जिथे लॉग लिहिणे सिग्नलच्या वेळी सुरक्षित नाही अशा प्रणालींवर हँडलरने काहीही न लिहिता थेट बाहेर पडायचे. सांकेतिक भाषेतील एका अटीने हे साधले होते. ४.४पी१ पासून ८.५पी१ येईपर्यंत याच अटीने सर्व्हर राखले.

ऑक्टोबर २०२० मध्ये ओपनएसएसएचच्या लॉग लिहिण्याच्या यंत्रणेची फेरमांडणी झाली. त्या साफसफाईत ही अट अनवधानाने गळाली. मार्च २०२१ मध्ये ८.५पी१ आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि जुनी त्रुटी तीन वर्षांहून अधिक काळ जगभर पसरत राहिली. प्रोग्रॅम नीट चालत होता, लॉग नीट लिहिले जात होते. नेहमीच्या चाचणीत उघडकीस येईल असे काही बिघडलेच नव्हते, कारण दहा हजारांत एकदा जुळून येणारा योग चाचणीत पकडणे जवळपास अशक्य असते.

ओपनबीएसडीवर मात्र ही त्रुटी लागूच होत नाही. त्या प्रणालीने २००१ मध्येच सिग्नलच्या वेळी सुरक्षित अशी सिसलॉगची वेगळी आवृत्ती तयार केली होती. ओपनएसएसएच लिहिणारे याच प्रकल्पाचे. त्यांच्या घरात जे सुरक्षित होते, ते लिनक्सवर नेलेल्या आवृत्तीत सुरक्षित राहिले नाही.

हे प्रकरण मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या ‘एक्सझेड’ प्रकरणाहून वेगळे आहे. तिथे एका छोट्या लायब्ररीत जाणूनबुजून चोरदरवाजा बसवला होता. लक्ष्य तेव्हाही एसएसएचडीच होते आणि अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या सावधपणामुळे ते उघड झाले. रिग्रेशनमध्ये कुणाचाही दुष्ट हेतू नाही. जगातील सर्वाधिक काटेकोर मानल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, अनुभवी हातांकडून, नेहमीची कामे करताना हे घडले. देणग्यांवर चालणाऱ्या लहानशा चमूने लिहिलेल्या या सॉफ्टवेअरवर अब्जावधींची उलाढाल असलेल्या कंपन्या विसंबून असतात. पण एखादी ओळ तिथे का आहे, ती काढली तर काय होईल, हे दीड दशकानंतर लक्षात ठेवण्याची जबाबदारी मात्र त्याच चमूवर पडते. अशा संवेदनशील बदलांची त्रयस्थ तपासणी करण्यासाठी पैसा आणि माणसे कोण देणार, हा या प्रकरणातला अनुत्तरित प्रश्न आहे.

उपाय काय?

१ जुलैलाच ओपनएसएसएचची ९.८ आवृत्ती प्रसिद्ध झाली. मूळ दुरुस्ती त्याआधी, ६ जूनलाच, एका वेगळ्या सुविधेच्या निमित्ताने मूळ संहितेत दाखल झाली होती. वारंवार त्रास देणाऱ्या पत्त्यांना काही काळ रोखण्याची ती सुविधा. त्या बदलात हँडलरचे काम एवढेच उरले की ठरावीक संकेतांक देऊन बाहेर पडायचे. लॉग लिहिणे, दंड लावणे ही कामे मुख्य प्रोसेस नंतर सावकाश करते. म्हणजे घंटा वाजली की कारकुनाने वहीला हात न लावता उठायचे, नोंद दुसऱ्याने करायची. प्रमुख लिनक्स वितरकांनी जुन्या आवृत्त्यांसाठीही या त्रुटीची दुरुस्ती पुरवली आहे. त्यामुळे आवृत्तीचा क्रमांक ९.८ दिसत नसला, तरी वितरकाचे अद्ययावत पॅकेज बसवले असल्यास सर्व्हर सुरक्षित असू शकतो.

लगेच अद्ययावत करणे शक्य नसेल, तर लॉगिनची मुदत शून्य, म्हणजे अमर्याद, करता येते. मग गजरच लागत नाही आणि हँडलर चालत नाही. पण त्यामुळे कुणीही अर्धवट जोडण्या करून सर्व्हरच्या सगळ्या जागा अडवू शकतो आणि खऱ्या तंत्रज्ञालाच आत शिरता येत नाही. म्हणजे हा तात्पुरता उपाय झाला. एसएसएचचे दार साऱ्या इंटरनेटसाठी उघडे न ठेवता मोजक्या पत्त्यांपुरते मर्यादित करणे हा अधिक टिकाऊ मार्ग. या हल्ल्याला हजारो प्रयत्न लागत असल्याने त्याच्या खुणाही मागे राहतात. ओळख पटण्यापूर्वीच मुदत संपल्याच्या शेकडो नोंदी लॉगमध्ये दिसू लागल्या, तर ती धोक्याची घंटा समजावी.

सामान्य मोबाइलधारकाला यासाठी काही करावे लागत नाही. फोनवर सहसा एसएसएचडी चालत नाही. मात्र घरातील राउटर, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर, नेटवर्कवरील साठवणीची उपकरणे अशा अनेक ठिकाणी लिनक्स असते आणि काहींत एसएसएचचीही सोय असते. त्यांपैकी अनेक ३२ बिटची असतात आणि वर्षानुवर्षे अद्ययावत होत नाहीत. गरज नसेल तर ही सोय बंद ठेवणे आणि उत्पादकाने दिलेले अपडेट घेणे इष्ट.

पुढे काय?

पहिल्या घोषणेला आठवडा होतो न होतो तोच, ८ जुलै रोजी, याच जातीची दुसरी त्रुटी जाहीर झाली. ‘ओपनवॉल’चे संस्थापक अलेक्झांडर पेस्ल्याक यांना ती पहिल्या त्रुटीचा अभ्यास करताना सापडली. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मधील ओपनएसएसएचमध्ये वितरकाने जोडलेल्या भागामुळे दुय्यम प्रोसेसच्या हँडलरमध्येही असुरक्षित काम शिरले होते. ती प्रोसेस मर्यादित अधिकारांची असल्याने धोका कमी आहे. पण शोधायला बसले की तसेच आणखी सापडते, हे यातून दिसले.

हँडलरमध्ये फक्त खूण करून ठेवायची आणि खरे काम नंतर करायचे, ही शिस्त जुनी आहे. सिग्नल एखाद्या फाइलसारखा शांतपणे वाचता यावा म्हणून लिनक्सने २००७ पासून ‘सिग्नलएफडी’ ही सोयही दिली आहे. साधने आहेत, नियम आहेत, इशारेही होते. तरीही एका साफसफाईत एक अट गळाली. ओपनएसएसएचसारख्या प्रकल्पात हे घडू शकते, तर हँडलर लिहिणाऱ्या इतर असंख्य प्रोग्रॅमची तपासणी कधी झाली होती, हे पाहण्याची वेळ आता त्यांच्या निर्मात्यांवर आली आहे.